उलट्या छत्रीतली पिवळी धूळ

बायकोनं लावलेलं लिंबाचं झाड तिच्यामागं वाळायला लागलं. फांद्यांना खवले कीड चिकटली होती. मी रोज फवारायचो, फरक काही पडेना.

शिरपूरच्या रस्त्यानं निंबोळ्या वेचणारी एक बाई जायची. मिसरीनं काळे झालेले दात, कमरेला गोणपाट. नाव कधी विचारलं नाही. एकदा थांबली, नखानं एक खवला उलटला आणि हसायलाच लागली.

"आबा, तुम्ही मढावर फवारा मारी राहिनात! माय कवयच मरी गयी. तिना खाले अंडा शेतस. पिल्लं निंघीसन चालतीन, तवय मारा. एकदाव बठनात का मंग ऐकाव नहीत."

मग पिल्लं कधी चालायला लागतात ते बघायला रोज सकाळी मी बायकोची काळी छत्री फांदीखाली उलटी धरायचो आणि फांदी झटकायचो. एके दिवशी छत्रीत पिवळी धूळ चालताना दिसली, तीच पिल्लं. लगेच निंबोळीचा अर्क मारला, आठ दिवसांनी पुन्हा मारला.

यंदा झाड फळांनी वाकलंय. बाई आली, तिनं फांदीन् फांदी तपासली.

"मढं कथं गयात, आबा?"

"शोध ना आता!" म्हणत मी तिचं गोणपाट लिंबांनी भरलं.

बायकोला वाचवता आलं नाही. तिचं झाड मी वाचवलं, आणि हे मी गावभर सांगतो.