दाजींच्या रेडिओची शिट्टी

बिघडलेल्या रेडिओसोबत गाणारा माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच होता, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. आणि त्यांचं गाणं मी बंद पाडलं.

दाजी पूर्णा जंक्शनवर तारबाबू होते. ड्यूटी सोडली तर एका जागी बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि ड्यूटीवरही पाय हलतच असत. बैलगाडीतून मध्येच उडी मारून ते तारेच्या खांबाला कान लावत. मला म्हणत, "ऐका मास्तर, खांब आज अर्धा सूर चढलाय. थंडी वाढायलीय." थंडी वाढे की नाही आठवत नाही, पण पुढची आगगाडी हमखास चुके. त्यांच्या बॅटरीच्या रेडिओवर बातम्या कधी लागल्याच नाहीत. हैदराबाद राज्य मोडून आपण मुंबई राज्यात आलो, हेही त्यांना शेजाऱ्याकडून कळलं. त्या रेडिओतून शिट्टी तेवढी निघे. हात जवळ नेला की ती चढे, मागे घेतला की उतरे. दाजी तिला हवेतल्या हवेत खेळवत आणि तिच्या जोडीने स्वतःच्या चाली गात. जेवतानाही डावा हात हवेतच. आक्का वैतागे, "अवो, वरणभातावर तरी आलाप घेऊ नका!"

मी सेलूला शिक्षक. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दाजींचं गाणं ठरलं. रेडिओ मांडीवर घेऊन ते सकाळीच आले. "लोकांपुढं पयल्यांदाच गाणार हाय, मास्तर." मला मात्र धास्ती. समोर तहसीलदार, कापसाचे व्यापारी, आणि माझे दाजी रेडिओपुढे हातवारे करणार! दाजी इंजिनाची वाफ ऐकायला स्टेशनावर गेले तसा मी तो रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांकडे नेला आणि शिट्टी काढून घेतली.

संध्याकाळी दाजींनी हात पुढे केला. रेडिओतून कुणीतरी स्वच्छ आवाजात हवामान सांगू लागलं. लोक हसले. दाजींनी हात मागे घेतला, पुन्हा नेला, पुन्हा नेला. मग रेडिओला थोपटून खाली उतरले. "बरा झाला बिचारा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते रोज बातम्या ऐकत. जेवताना डावा हात मांडीवर. आक्का त्या हाताकडे बघत बसे.

दोन वर्षांनी मी तोच रेडिओ पूर्णेहून मागून आणला. "चाचा, आता बिघडवून द्या." चाचा म्हणाले, "दुरुस्त करण्यात उम्र गेली, असं गिऱ्हाईक पयलंच!"

रेडिओ दाजींपुढे ठेवला. डावा हात उठला, शिट्टी चढली. मी पाया पडायला पुढे झालो, तर दाजी ओरडले, "मागं सरा, मास्तर! तुमच्यानं सूर बिघडायलाय."

मी दारापर्यंत मागे सरलो आणि तिथूनच म्हणालो, "दाजी, तवाही माझ्यानंच बिघडला होता. मला तुमची लाज वाटली. माफ करा."