पाच ग्रॅम सफेदी

आमच्या धंद्यात माल गोडाऊनमध्ये साचतो आणि किस्से गल्ल्यामागे. माल निदान विकला तरी जातो. किस्से मात्र चहा पाजून लोकांना ऐकवावे लागतात. चहा सांगितलाय, बसा.

भद्रकालीत माझं रंगांचं दुकान. गिऱ्हाईक म्हणजे येवल्याचे रंगारी आणि नाशिकभरचे लाँड्रीवाले. मी सातवी नापास; केमिस्ट्री शिकलो ती डब्यांवरची लेबलं वाचून. दोन हजार सालाच्या आसपास एक मुलगी आली. निफाडची कल्पना, इथल्याच कॉलेजात पीएचडी करणारी.

"काका, कपडे पांढरेशुभ्र करतात ती सफेदीची पावडर आहे?"

"आहे की. किती किलो?"

"पाच ग्रॅम."

माझ्या तराजूला एवढं छोटं वजनच नव्हतं. समोरच्या सोनाराकडून मोजून आणलं.

"शुद्ध आहे ना? कंपनीची बाटली यायला तीन महिने लागतील."

"एक नंबर माल," मी म्हणालो. हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

*

पाच ग्रॅममध्ये ही कोणती चादर धुणार, या उत्सुकतेपोटी मी तिच्या लॅबमध्ये गेलो. तिथे यीस्ट. पावाचं नव्हे, तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर धरतं ते. माणूस फार अशक्त झाला तर रक्तातही शिरतं.

"गोल असतं तोवर बहुतेक गप्प असतं, काका. लांब धागे फुटले की आत घुसतं. त्याच्या पेशीला भिंत असते. भिंतीला धक्का लागला की काही जीन आत निरोप पोचवतात, मग भिंत दुरुस्त होते. त्यातला एक जीन मी दोन वर्षं खपून काढून टाकलाय."

"म्हणजे गोडाऊनची भिंत चिरली की वॉचमन ओरडतो, मग गवंडी येतो. तू वॉचमनच काढलास."

"अगदी बरोबर. तुमची पावडर भिंत खिळखिळी करते. साधं यीस्ट डागडुजी करून जगेल. माझं मरायला पाहिजे."

इतक्या मायेनं कुणाच्या मरणाची वाट बघणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली.

*

ही पावडर त्या भिंतीला चिकटते आणि जांभळ्या दिव्याखाली चमकते. मला ते दाखवायला तिनं खोलीतले दिवे बंद केले. यीस्ट राहिलं बाजूला, माझा पायजमाच निळा उजळला! घरी धुताना सफेदी आम्ही सढळ हातानं घालतो.

तेवढ्यात तिच्या गाइड मॅडम आत आल्या. अंधारात नुसते दोन चमकणारे पाय.

"कल्पना, हे सॅम्पल कुठलं?"

"भद्रकालीतलं, मॅडम."

*

तिचे वडील आबा, द्राक्षवाले. एकदा लॅब बघायला आले. मीही होतो.

"दोन वर्षं झाली आन् ही बुरशी तुला मारता येईना? बागेत भुरी आली तर आम्ही गंधक मारून मोकळं होतो."

"आबा, मला ती कशी जगते ते बघायचंय."

"मंग बागेत येऊन बस की. लय मजेत जगती."

*

आणि मग एका सकाळी कल्पना दुकानात आली ती स्टुलावर बसूनच राहिली. पावडर घातलेल्या प्लेटांवर दोन्ही यीस्ट सारखीच माजली होती. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

"मॅडम म्हणतात, जीन गेलाय हे नक्की, पण भिंत तर धड आहे. म्हणजे या जीनचा भिंतीशी संबंधच नाही. विषय बदलावा लागेल, काका. पहिल्यापासून."

तिच्या हातात माझीच पुडी होती. आता सांगतो. निव्वळ पावडर लाँड्रीवाल्याला दिली तर तो जास्त घालतो आणि कपडे पिवळट पडतात. म्हणून आम्ही ती हलकी करून विकतो. सगळेच करतात. पण मला आठवेना, पाच ग्रॅम मी कोणत्या पिंपातून काढले ते.

मी चिमूटभर जिभेच्या टोकाला लावली. थुंकलो. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

"पोरी, यात अर्धं मीठ आहे. घातलंय मीच."

"म्हणजे डोस निम्माच गेला?"

"निम्मासुद्धा नसेल."

मागच्या खोलीतलं सीलबंद पिंप तिच्यासमोर फोडलं. चौथ्या दिवशी फोन आला. पलीकडून दुकानभर ऐकू जाईल असा आरडाओरडा. "मेलं काका, मेलं! साधं जगलं, माझं मेलं!" मी फोनवर "अभिनंदन" म्हणालो, तशी समोरची गिऱ्हाइकं उठूनच उभी राहिली.

*

तिचा व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, सगळ्यांना खुली होती. शेवटच्या रांगेत आबा आणि मी. पुढे मॅडम, मागे सामोशांचा वास. बाहेरून आलेले परीक्षक करड्या चेहऱ्याचे.

"पहिल्या तीन प्रयोगांत पावडर भेसळीची होती, असं लिहिलंय. कशी ओळखली?"

"चाखून, सर."

"आणि भेसळ केली कुणी?"

कल्पना ओठ घट्ट मिटून पडद्याकडे बघू लागली. नाव तिनं मॅडमनाही सांगितलं नव्हतं. आबांना मात्र मीच सांगून टाकलं होतं. आबांनी मला कोपर मारलं. "उठा की, शेठ."

मी उठलो. परीक्षकांनी चष्मा खाली सरकवून मला पायजम्यापासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आपण कोण?"

मी तोंड उघडायच्या आत कल्पना म्हणाली, "वॉचमन, सर."