तिला इचार

लातूरला निघाले त्या दिवशी आमची एसटी चुकली, ती सुमनकाकूमुळे.

दहावीचा निकाल लागला होता आणि अकरावी सायन्सला लातूरला जायचं ठरलं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं तोवर कोणी गेलेलं नव्हतं. माझी पत्र्याची पेटी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डोक्यावर घेतली आणि ते पुढं निघाले. गावातून नायगावच्या फाट्यापर्यंत चालत जायचं होतं. माय दाराला कडी लावत होती, तेवढ्यात शेजारच्या सुमनकाकूनं गडग्यावरून हाक मारली, "कुठं चाललाव गं मायलेकी, सकाळी सकाळी?"

झालं. माय जागच्या जागी थांबली. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नसतं, हे आमच्याकडं लहान लेकरालाही माहीत असतं. अगदी राहवलं नाही तर 'लांब का?' एवढंच म्हणायचं. मायनं कडी काढली, मला ओसरीवर बसवलं, तांब्यातलं पाणी पाजलं आणि काकूकडं बघून म्हणाली, "आक्का, आजच तुझं तोंड उघडायचं होतं व्हय?" काकूनं जीभ चावली. दादा तिकडं पेटी डोक्यावर घेऊन उन्हात उभे. ते परत आले. मी त्यांच्या समोरच बसले होते, हात पुढं केला असता तर त्यांच्या धोतराला लागला असता. पण ते मला काही बोलले नाहीत. मायला म्हणाले, "तिला इचार, पाणी पिऊन झालं का."

"झालं म्हणावं," मी मायला सांगितलं.

"झालं म्हणती," मायनं दादांना सांगितलं.

आमचं असंच होतं. लहान होते तोवर दादा मला खांद्यावर बसवून शेतात न्यायचे, रस्ताभर बोलायचे. मी मोठी झाले आणि बापलेकीच्या मधे माय आली. हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणी रागावलंही नव्हतं. गावातल्या बहुतेक घरांत तसंच होतं. 'तिला इचार, भाकर खाती का.' 'तिला इचार, गॅदरिंगला पिवळी साडी लागती का हिरवी.' सगळे प्रश्न मायकडून यायचे, सगळी उत्तरं मायकडून जायची. मधे ती आपल्या मनाचं थोडं मीठ टाकायची, ते वेगळं.

लातूरला गेल्यावर कळलं की प्रश्नाला तिथं डाउट म्हणतात. क्लासचे सर फळा पुसता पुसता म्हणायचे, "एनी डाउट्स?" सगळा वर्ग गप्प. डाउट आहे म्हणजे समजलं नाही, आणि समजलं नाही म्हणजे खेड्यातून आलेली. मीही गप्प. मला डाउट नव्हते असं नाही, पोतंभर होते. पण उभं राहून, भर वर्गात, मोठ्या माणसाला सरळ विचारायचं कसं, तेच ठाऊक नव्हतं. मधे माय कुठं होती?

होस्टेलच्या मुलींनी मिळून संध्याकाळचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तिथले सर रिटायर्ड मास्तर होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "उत्तरं काय, गाईडात मिळतात. प्रश्नांचं गाईड अजून निघालं न्हाई. म्हणून मी प्रश्न शिकवणार." जोड्या करून उभं केलं. माझ्या जोडीला देगलूरची उज्ज्वला. फळ्यावर पहिलं वाक्य होतं, 'व्हेअर आर यू गोइंग?'

माझं तोंडच उघडेना. सर म्हणाले, "अगं म्हण की, सोपं तर हाय." शेवटी डोळे मिटून म्हणून टाकलं. उज्ज्वलानं 'आय ॲम गोइंग टू द मार्केट' म्हणायचं होतं. ती मटकन बाकावर बसली आणि म्हणाली, "आता पाणी आण बाई, पेल्याबगर न्हाई जायची."

वर्ग हसून हसून आडवा झाला. सरही हसले, तेही आपल्याच भागातले. मग डोळे पुसत म्हणाले, "पोरींनो, इंग्रजीत अपशकुन होत न्हाई. बिनधास्त विचारा."

ते वाक्य मी गाठीला बांधलं. इंग्रजी मला आवडायला लागली ती तिथून. त्या भाषेत कोणी मोठं नव्हतं, कोणी सासर-माहेरचं नव्हतं. बापालाही यू आणि शिपायालाही यू. नर्सिंगला गेले, नांदेडच्या एका दवाखान्यात नोकरी केली, इंग्लंडची परीक्षा दिली. आमच्या गावातली पहिली ग्रॅज्युएट पोरगी मी, आणि परदेशाला गेलेलीही पहिलीच. हे मी आजही मान वर करून सांगते, कारण ते मला कोणी आयतं दिलेलं नाही.

जायच्या आधी दादा मायला म्हणाले, "तिला इचार, माहूरला जाऊन यायचं का." गेलो तिघं. रेणुकेच्या दर्शनाला उभं राहिलो, तांबूल घेतला. पायऱ्या उतरताना माय थकून बसली, तेवढ्यात दादा मला काहीतरी विचारतील असं वाटलं. त्यांनी घसा खाकरला. मग मायच्या उठण्याची वाट बघत दरीकडं बघत राहिले.

इकडं इंग्लंडात वॉर्डात रोज ड्यूटी बदलताना 'एनी क्वेश्चन्स?' विचारतात, आणि इथं गप्प बसणं हा गुन्हा असतो. एकदा धीर करून म्हणाले, "आय हॅव अ डाउट." आमची सिनियर हेलन पेन खाली ठेवून काळजीनं माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं, औषधाच्या डोसवर माझा विश्वासच नाही. मग तिनं मला नीट शिकवलं. टॉवेल कुठं आहेत एवढं विचारायचं असलं तरी 'आय वॉज जस्ट वंडरिंग' म्हणायचं. मला हसू यायचं. टॉवेलसाठी एवढा वळसा! पण शिकले. हो किंवा नाही यात संपणारा प्रश्न विचारू नये, हे शिकले. प्रश्न विचारून झाल्यावर थांबावं, समोरच्याची शांतता आपण भरू नये, हेही शिकले. आता नव्या आलेल्या मुलींना मीच हे शिकवते.

आमचा वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारायचा असतो, 'व्हॉट मॅटर्स टू यू?' तुमच्यासाठी महत्त्वाचं काय? आर्थर नावाचे एक आजोबा होते, जन्म खाणीत गेलेला, दिवसभर तोंड भिंतीकडं. मी खुर्ची ओढून बसले, विचारलं आणि थांबले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, खिडकीजवळचा पलंग पाहिजे, कबुतरं दिसतील असा. त्यांनी आयुष्यभर कबुतरं पाळली होती. मग जेवणाची गाडी येईपर्यंत बोलत होते. संध्याकाळी त्यांची मुलगी आली, म्हणाली, "मला तर बाबा कधीच काही सांगत नाहीत. तुम्ही काय केलंत?"

"विचारलं," मी म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटलं होतं.

दर रविवारी गावाला फोन व्हायचा. फोन मायच्या कानाला, आवाज मागून दादांचा. "इचार तिला, थंडी लई हाय का." "इचार तिला, दवाखान्यात आपली माणसं हायत का." मी उत्तर द्यायच्या आत माय तिचंच काहीतरी सांगून मोकळी व्हायची. मी चिडायचे. म्हणायचे, माय, फोन दादांकडं दे ना, त्यांनाच विचारू दे. ती म्हणायची, "ते काय बोलतेत? मी हाय की."

माय गेली त्याला आता बराच काळ झाला. दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

त्यानंतर फोन दादा उचलायला लागले.

"हं."

"दादा, मी वर्षा."

"हं."

"जेवलाव का?"

"हाव."

मग दोघंही गप्प. मला शांतता भरायची नाही हे शिकवलेलं, पण ही तसली शांतता नव्हती. एका रविवारी बोलता बोलता, तब्येतीचं काहीतरी चाललं होतं, दादांनी फोन थोडा बाजूला धरला असावा. लांबून आवाज आला, "इचार तिला—" आणि तुटला. घरात कोणी नव्हतं. मला बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग दादा म्हणाले, "बरं, ठेवू का?"

पोराला नवऱ्याकडं ठेवून मी रजा टाकली. दादा एकटे आहेत, वय झालंय. त्यांना माझ्याकडून काय पाहिजे, मी परत यावं असं त्यांना वाटतं का, हे एकदा समोर बसून विचारायचं, असं ठरवून मी गावाला गेले. परक्या म्हाताऱ्यांना बोलतं करणारी मी, आपल्या बापाला विचारता येणार नाही व्हय?

ओसरीवर बसले. विमानात बसून वाक्य मराठीत बसवून ठेवलं होतं. "दादा, तुमच्यासाठी महत्त्वाचं काय हाय?" विचारलं आणि शिकवल्याप्रमाणे थांबले.

दादांनी माझ्याकडं बघितलं. टोपी काढली, परत घातली. "ही काय परीक्षा हाय का?" म्हणाले आणि उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. त्यांच्या चालण्यावरून कळलं, ते रागावले नव्हते, घाबरले होते. मी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या वाक्यांनी प्रयत्न केला. रजा संपली.

निघायच्या दिवशी मुदखेडहून सिकंदराबादची रेल्वे होती, तिथून पुढं विमान. गावातल्या खाजाभाईंची जीप सांगितली. सुमनकाकू गडग्याशी उभी होती, आता पाठीत वाकलेली. मला बघून म्हणाली, "लांब का गं बाई?" आणि पदर डोळ्याला लावला. दादा खाजाभाईंच्या शेजारी पुढं बसले, मी मागं. नायगाव मागं पडलं. मुदखेडचं रेल्वे फाटक लागलं, जीप थांबली. मालगाडी चालली होती, डबे संपतच नव्हते.

दादा समोर बघत म्हणाले, "खाजा, तिला इचार, परत यायचं हाय का म्हणं. कायमचं."

खाजाभाईंनी आधी दादांकडं बघितलं, मग आरशातून माझ्याकडं. जन्म या भागात गेलेला माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. अगदी हळू म्हणाले, "ताई, दादा पूछरे, वापस आना क्या. हमेशा के वास्ते."

इंग्रजीत वेळ मारून नेण्याच्या किती तरी तऱ्हा मला येतात. त्यातली एकही उपयोगाची नव्हती. घर घेतलेलं, पोराची शाळा तिकडं, नवऱ्याची नोकरी तिकडं. उत्तर मला माहीत होतं.

"सांगा," मी म्हणाले, "दिवाळीला येऊन जाते म्हणावं."

"दादा, दिवाली को आको जातूं बोलरी."

"येऊन जाती म्हणती?"

"हाव."

"बरं," दादा म्हणाले. फाटक उघडलं.

रेल्वेत बसल्यावर, धर्माबाद गेल्यावर कधीतरी मला कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की आमच्या घरात विचारायची हिंमत नव्हती, ती मी इंग्रजीतून कमावली. पण दादांनी तर सगळ्यात अवघड प्रश्न विचारला होता. फक्त त्यांना मधे कोणीतरी लागत होतं. विचारणाऱ्यालाही थेट लागू नये, नाही म्हणणारीलाही लागू नये, मधल्या माणसानं ते आपल्या अंगावर घ्यावं. मायनं जन्मभर तेच केलं आणि मी तिच्यावर चिडत राहिले. हेलनचं 'जस्ट वंडरिंग' दुसरं काय होतं? इंग्रजांनी त्यांची माय वाक्यातच बसवून ठेवली आहे. आमची चुलीपाशी बसलेली होती. ती गेली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले आणि जे गावातच राहिले, त्यांच्या घरीही असं कोणीतरी मधे बसलेलं असेल. ते उठून गेलं की मग कळतं, आपण कोणाशी बोलत होतो.

दादा आता सरळ बोलायला शिकलेत. रविवारी स्वतःच विचारतात, जेवलीस का, पोरगं काय करायलंय, थंडी हाय का. मीही सरळ सांगते. लोक म्हणतील, बरं झालं की. पण ते सगळे लहान प्रश्न आहेत. मोठा एकच होता, तो त्यांनी मुदखेडच्या फाटकावर विचारून संपवला.

घर कुठं, असं इथं कोणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगते. खरं म्हणजे जिथं माझ्याबद्दलचं माझ्यासमोर दुसऱ्याला विचारायचे, ते घर होतं. परवा रविवारी फोन ठेवायच्या आधी मी उगाच थांबले. पलीकडं दादांचा श्वास ऐकू येत होता. तेही थांबले होते. मधे कोणीच नव्हतं.