राग माझ्याकडं, तारीख अर्जात

समोरचा माणूस बोलत असेपर्यंत मोकलबाई पेनाचं टोपण काढत नसत. माणूस कितीही भरकटला तरी. सातबाऱ्यावरचं नाव चुकलं म्हणून आलेला म्हातारा आधी त्याचा बैल कसा मेला ते सांगायचा, मग भावजयीशी झालेलं भांडण, मग पुन्हा बैल. बाई ऐकत राहायच्या. मधे फक्त एवढंच विचारायच्या, "मंग पुढं काय झालं?" म्हातारा थकून गप्प झाला की पेनाचं टोपण निघायचं. लिहून झालेला अर्ज त्या त्याला त्याच्याच बोलीत समजावून सांगायच्या, "आसंच बोल्लात ना काका? माझं काय घुसलं नाय ना त्यात?" तो 'नाय' म्हणाला तरच अंगठा.

राज्याच्या वकील संघटनेनं तालुक्यातालुक्यात स्वयंसेवक पथकं काढली, तेव्हा कर्जत आणि खालापूर मिळून एक पथक झालं आणि त्याच्या प्रमुख म्हणून मोकलबाईंचं नाव लागलं. गावोगावी शिबिरं भरवायची, लोकांना कायदा सांगायचा, ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे, असं काम. चार वकील, कायद्याचे दोन विद्यार्थी आणि मी. मी वकील नाही. माझे वडील खोपोलीच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे, आणि आमच्या घरी जेवणाआधी पत्रकांच्या घड्या घालाव्या लागत. मला 'अननस' लिहिता येण्याआधी 'अन्याय' लिहिता येत होता. पथकाला मराठी चांगलं लिहिणारं, टाइप करणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून मी दहिवलीला बाईंच्या घरी गेले.

बाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघ्याला पट्टा, केसांचा आवळून बांधलेला अंबाडा. मान वर न करता म्हणाल्या, "तुला काय येतं गं?"

"लिहिता येतं."

"आणि ऐकायला?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. ताटातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाल्या, "रविवारी ये."

त्यांचं माहेर-सासर दोन्ही भातशेतीवालं. कोर्टात उभ्या राहिल्या की स्वच्छ, कडक मराठी. बाहेर पायरीवर आल्या की लगेच 'हाय-नाय'. काळा कोट शिबिरात कधी घालायच्या नाहीत. "कोट बघून मानसं कमी बोलतात," म्हणायच्या. भिवपुरीच्या बाजूला आमचं पहिलं शिबिर एका अंगणवाडीच्या ओसरीत होतं. संघटनेनं पाठवलेला बॅनर ओसरीपेक्षा लांब निघाला. आमचे तरुण वकील तो कुठे बांधायचा यावरून अर्धा तास वाद घालत होते. बाई म्हणाल्या, "अर्धा बांधा, अर्धा खाली अंथरा. लोकांना बसायला होईल. अध्यक्षांच्या फोटोवर कुणी बसू नका म्हंजे झालं." एक आजी नेमकी तिथेच बसली. बाईंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

माझं आणि त्यांचं पहिल्या महिन्यापासून वाजत असे. मी लिहिलेल्या अर्जात 'धनदांडगे', 'मुजोर', 'पायदळी तुडवले' असे शब्द असायचे. त्या पेन्सिलीनं एकेक खोडायच्या. मी चिडायचे. "बाई, हा अन्याय आहे आणि तुम्ही त्याला 'अडचण' म्हणताय!"

"पत्रकवाले," त्या मला असंच म्हणायच्या, "राग माझ्याकडं ठेव. अर्जात तारीख ठेव."

मला हे वाक्य तेव्हा भित्रेपणाचं वाटायचं. मी मनात म्हणायचे, या बाईंनी कधी मोर्चा काढला नसेल.

मग कमळाबाईंचं प्रकरण आलं. डोंगराच्या पायथ्याला वीस-पंचवीस घरांची एक ठाकरवाडी आहे. वाडीतून खाली डांबरी रस्त्यावर यायला एकच वाट, तीही टेंपो जाईल एवढी. त्या वाटेच्या दोन्ही अंगांची जमीन मुंबईच्या कुणी फार्महाऊससाठी घेतली आणि एक दिवस वाटेवरच खांब रोवून काटेरी तार ओढली. लोकांना ओढ्याच्या कडेनं, दगडांवरून तासाभराचा वळसा पडू लागला. कमळाबाईंची सून गरोदर होती. शिमग्याला तिचे दिवस भरत होते. ओढ्याच्या दगडांवरून तिला खाली आणायचं कसं, एवढा एकच प्रश्न घेऊन त्या दिवाळीनंतरच्या शिबिराला आल्या होत्या.

वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. फक्त एक अट: वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. हे मला ठाऊक होतं. शिबिरात बाईंनी दहा वेळा सांगितलं होतं.

त्या दिवशी बाई खालापूरच्या शिबिराला गेल्या होत्या. कमळाबाई माझ्यासमोर बसल्या. त्या शांतपणे सांगत होत्या आणि माझं डोकं तापत होतं. ज्यांच्या पायांनी ती वाट पडली त्यांनाच तार ओलांडायची बंदी! त्या बोलत असतानाच मी लिहायला घेतलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत जोरदार अर्ज होता. 'वर्षानुवर्षे या धनदांडग्यांनी आम्हा आदिवासींची वाट अडवून ठेवली असून आमच्या पिढ्यानपिढ्या या अन्यायाखाली भरडल्या जात आहेत.' मी तो खड्या आवाजात वाचून दाखवला. कमळाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मला वाटलं, पटतंय. त्यांना त्यातलं निम्मं कळत नव्हतं, आणि शिकलेल्या पोरीला थांबवायचं कसं हेही. त्यांनी अंगठा दिला. मी तडक कर्जतला जाऊन कचेरीत अर्ज दिला, शिक्का घेतला आणि फोटो काढून बाईंना पाठवला.

बाई खालापूरहून आल्या त्या तापानं फणफणून. आमच्या एका विद्यार्थ्यानं वकीलपत्र पुढे केलं, त्यांनी पडल्या पडल्या सही केली. अर्ज वाचला नाही. सुनावणीची तारीख लागली तेव्हाही मी 'सगळं नीट आहे' म्हटलं आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

सुनावणी संक्रांतीच्या आसपास होती. फार्महाऊसवाल्यांचे वकील उभे राहिले. सभ्य गृहस्थ. त्यांनी आवाजही चढवला नाही. माझं वाक्य जसंच्या तसं वाचलं आणि म्हणाले, "साहेब, अर्जदार स्वतःच म्हणतात, वाट वर्षानुवर्षं अडवलेली आहे. मग सहा महिन्यांची मुदत केव्हाच संपली. अर्ज इथेच निकाली काढावा."

तार गणपतीच्या दिवसांतली होती. अर्ज दिला तेव्हा तिला तीन महिनेही झाले नव्हते. पण कागदावर 'वर्षानुवर्षे' होतं, खाली कमळाबाईंचा अंगठा होता, आणि ते लिहिणारी मी भिंतीला टेकून उभी होते. हा अर्ज फेटाळला गेला असता तर पुढे कुठेही गेलं तरी हेच वाक्य वाडीच्या विरोधात वाचलं गेलं असतं.

बाईंनी प्रत मागून घेतली. वाचली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उभ्या राहिल्या.

"साहेब, हा अर्ज आमच्या पथकानं लिहिला. मी सही केली आणि वाचला नाही. चूक माझी आहे, अर्जदाराची नाही. दुरुस्तीची परवानगी मागते. पण त्याआधी आपण अर्जदारालाच शपथेवर विचारावं, तार कधी आली. मी काहीच विचारणार नाही."

कमळाबाई पुढे गेल्या. पदर सावरला.

"गौरी उठल्या, त्याच्या तिसऱ्या दिशी," त्या म्हणाल्या. "आमी भाताला खाली निघालो तर चार मानसं खड्डं खनत व्हती. मी इचारलं, काय चाललंय रं? तर बोलले, मालकानं सांगितलंय. सांजच्याला परत आलो तर तार. माजा हात फाटला ह्या इथं." त्यांनी तळहात दाखवला.

"मग अर्जात वर्षानुवर्षं कसं?" समोरच्या वकिलांनी विचारलं.

"ते त्या पोरीनं लिवलं आसंल." कमळाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "पोर चांगली हाय, सायेब. पन तवा ती रागात व्हती. माज्यापक्षा तिलाच जास्त राग आला व्हता."

सगळे हसले. तहसीलदार हसले, कारकून हसले, समोरच्या वकिलांनीही रुमाल तोंडाला लावला. मी हसले नाही. साहेबांनी दुरुस्तीला परवानगी दिली आणि जागेवर येऊन पाहणी करायची तारीख दिली.

बाहेर चहाच्या टपरीमागे मी रडत उभी राहिले. बाई लंगडत आल्या, दोन कटिंग घेऊन.

"धर. गरम हाय."

"बाई, मी पथक सोडते."

"सोड. पण आधी दुरुस्तीचा कागद लिवून दे. मला चष्म्यानं नीट दिसत नाय."

मी ग्लास हातात धरून तशीच उभी. त्या माझ्याशेजारी फळकुटावर बसल्या. गुडघ्याचा पट्टा सैल केला. मग म्हणाल्या, "राग वाईट नाय गं. राग आला म्हनून तू आलीस, नायतर रविवारी घरी झोपली आसतीस. पन तुझा राग त्यांच्या तोंडात घालू नको. त्यांचा त्यांना पुरतो."

आणि चहाचा एक घोट घेऊन, "मीबी मोर्च्यात व्हते एकदा. जमीन जात व्हती आमची. घोषणा इतकी मोठ्यानं दिली की अधिकारी काय बोलला ते मला आयकूच आलं नाय. त्यानं मुदत सांगितली व्हती." पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. दहिवलीच्या त्यांच्या घरामागे आता बंगल्यांची रांग आहे, ती मी पाहिली होती.

दुरुस्तीचा कागद मी तीन ओळींचा लिहिला. आधी कमळाबाईंना पुन्हा सगळं विचारलं. 'गौरी विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी तार ओढली.' एवढंच. बाईंनी पेन्सील हातात घेतली आणि न वापरता खाली ठेवली.

पाहणीला साहेब आले. खांब कोरे होते, तारेला गंज नव्हता, आणि तारेच्या दोन्ही बाजूंना चाकांची जुनी चाकोरी समोरासमोर दिसत होती. पंचनामा झाला. शिमग्याच्या दहा-बारा दिवस आधी आदेश आला: वाट मोकळी करावी.

तार काढायच्या दिवशी मी घोषणा लिहून आणल्या होत्या. पुन्हा तेच, हो. वर्तमानपत्रवाल्यांनाही फोन करणार होते. बाईंनी मला गप्प बसवलं आणि फार्महाऊसच्या राखणदाराला हाक मारली. तो खालच्याच गावचा होता. खांब त्यानंच रोवले होते.

"ये रं बाबा. कागद वाचू का तुला?"

"नको बाय. समजलं."

"मंग तुझ्याच हातानं काढ. कुनी काय बोलनार नाय."

आणि खरंच कुणी काही बोललं नाही. तो पहारीनं एकेक खांब हलवत होता आणि वाडीतले दोघे न सांगता त्याला हात लावायला पुढे झाले. मी नंतर बाईंना विचारलं, एवढी नरमाई कशाला? त्या म्हणाल्या, "मालक मुंबईला. ह्याला उद्या हितंच ऱ्हायचंय आनि ह्यांनाबी."

मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही. मालकाला कुणीतरी तोंडावर विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. मी अजून पत्रकं लिहिते, आणि त्यात 'धनदांडगे' हा शब्द असतो, कारण ते आहेत. पण ती माझी पत्रकं असतात. खाली माझी सही असते.

शिमग्याच्या आधी दोन दिवस कमळाबाईंच्या सुनेला कळा सुरू झाल्या. टेंपो वाडीत गेला, वाटेनं खाली आला आणि तिला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. मुलगी झाली. मी संघटनेच्या अहवालात लिहिलं, 'पथकाचा ऐतिहासिक विजय'. बाईंनी ते खोडून लिहिलं, 'वाट मोकळी झाली'. राज्यभरातल्या पथकांचे अहवाल छापून आले, त्यात आमचा सर्वांत छोटा होता.

त्यानंतर त्या वर्षभर होत्या. ताप वरचेवर यायचा, मग तो साधा ताप नाही असं कळलं. शेवटच्या शिबिराला त्या रिक्षानं आल्या, खुर्चीवर बसल्या आणि दिवसभर फक्त ऐकलं. लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी म्हणाल्या, "आज तू कुनाला मधे तोडलं नाय." एवढं कौतुक त्यांनी माझं कधीच केलं नव्हतं.

त्या मध्यरात्री गेल्या; निरोप वाडीतही पोचला होता. सकाळी दहिवलीच्या ओटीवर वकील, कारकून, शेजारी जमले होते. संघटनेचे जिल्ह्याचे पदाधिकारी हार घेऊन यायचे होते; ते वाहतुकीत अडकले होते. सूर्य नुकता वर आला असेल. फाटकाशी चार-पाच बायका आणि तीन पुरुष येऊन उभे राहिले. पुढे कमळाबाई, त्यांच्या कडेवर नात. इतक्या लवकर डोंगराच्या पायथ्यावरून कुणी पोचेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. आमच्यातला एक तरुण वकील गोंधळून पुढे झाला.

"मावशी, तुम्ही एवढ्या सकाळी... कशा आलात?"

कमळाबाईंनी नातीला खाली उतरवलं, तिचा हात धरला.

"वाटंनं आलो," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.