आज देव कुठं?

माझं माहेर अणदूर आणि सासर नळदुर्ग. दोन्ही गावं इतकी जवळ, की रागावून माहेरी जायचं म्हटलं तरी रिक्षा ओळखीचीच मिळते. रिक्षावाला विचारतो, वहिनी, परत कधी यायचं? मग कसला राग अन् कसलं काय! दोन्ही गावांचा खंडोबाही एकच. वर्षातला बहुतेक काळ देव अणदुरात असतो आणि थंडीत पावणेदोन महिने नळदुर्गात राहायला येतो. आम्हाला हे जन्मापासून ठाऊक, पण बाहेरच्या माणसाला कुठून कळणार? दर थंडीत लांबून आलेलं कुणीतरी अणदुरात उतरतं आणि मग कपाळावर हात मारून पुन्हा गाडीत बसतं.

मी घरी बसून एका कंपनीच्या वेबसाइटी बनवते. म्हटलं, एवढं शिकलेय ते देवाच्या तरी कामी येऊ दे. एक पान बनवलं. वर प्रश्न, ‘आज देव कुठं?’ खाली मोठ्या अक्षरात गावाचं नाव. बस. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, त्याचं भारी कौतुक. येईल त्याला दाखवायच्या.

गेल्या थंडीत देव नळदुर्गात येऊन आठवडा उलटला तरी पान म्हणत होतं, अणदूर. हे कळलं लातूरच्या मावशींमुळं. मावशी म्हणजे आत्यांची थोरली बहीण. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांनी नवस बोलला होता, की काठी, वॉकर काही न धरता देवापुढं चालत जाईन. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाला, पण बेतानं. मुलांनी दुसऱ्या दिवसाची जीप ठरवली होती, तीही थेट अणदूरपर्यंत.

आत्यांनी फोनवर सांगून पाहिलं, की अगं, देव इथं आमच्यात आहे. मावशी ऐकायला तयार नाहीत. मोबाईलवर अणदूर लिहिलंय, ते तुझ्याच सुनेनं लिहिलंय, आणि सून काय खोटं लिहील का? मी स्वतः सांगितलं तर म्हणाल्या, तू आता नळदुर्गची झालीस, तू तसंच सांगणार. तिथं बदलू दे, मग बघू. झालं! आता त्या चालत जाणार त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढं, आणि एवढं बळ त्यांच्या पायांत दुसऱ्यांदा येईल की नाही, कुणी सांगावं. आत्या माझ्या शेजारी मेथीची जुडी घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “कायबी कर, पर तिचा नवस वाया जाऊ देऊ नगंस.”

मी आधी चूक अंदाजानंच शोधली. इथं बदल, तिथं बदल, पान पुन्हा उघड. अणदूर. पुन्हा उघड. अणदूर. रागानं लॅपटॉप मिटला. मग शहाण्यासारखं ब्रेकपॉइंट लावायला बसले.

ते काय असतं, हे त्यांना सांगणं सोपं होतं. आमच्या घरात बाजारातून आलेल्या माणसाला आत्या उंबऱ्यातच थांबवतात आणि पिशवी उघडून बघतात. कोथिंबीर पिवळी असली तर तिथूनच परत. म्हटलं, हेही तसंच. प्रोग्राम एकेक ओळ वाचत पळत जातो. ब्राउझरमध्ये त्याचा कोड उघडायचा आणि आपल्याला संशय असलेल्या ओळीच्या आकड्यावर क्लिक करायचं. पान पुन्हा उघडलं की तो बरोबर त्या ओळीवर येऊन उभा राहतो. मग त्याच्या पिशवीत काय काय आहे ते आपण निवांत बघायचं.

मी निर्णयाच्या ओळीवर खूण केली. आजची तारीख देव यायच्या आणि जायच्या तारखेच्या मधे असेल तर नळदुर्ग, नाहीतर अणदूर. पान उघडलं, आणि गडी थांबला. आत्या पुढं वाकल्या. तो उभा आहे म्हटल्यावर त्यांना वाईटच वाटलं, किती वेळ ताटकळत ठेवणार त्याला, म्हणाल्या.

पिशवीत पाहिलं. आजची तारीख ठीक. देव यायच्या तारखेवर बाण नेला, तर तिथं तारीखच नाही! ही तारीख चालणार नाही, असा इंग्रजीत शेरा. आणि शेजारी मूळ मजकूर, सुरेख मराठी आकड्यांत. त्या खेपेच्या तारखा आमच्या ह्यांनी पंचांगात बघून भरल्या होत्या. हे शाळेत मराठीचे गुरुजी, मग आकडे मराठीच घालणार की! ते आकडे जावास्क्रिप्टला, म्हणजे पान ज्या भाषेत लिहिलंय तिला, वाचता येईनात, आणि वाचता न आलेल्या तारखेशी केलेली तुलना ती सरळ खोटी धरते. एक बटण दाबून त्याला ओळभर पुढं सोडलं. नळदुर्गची ओळ टाळून गडी थेट अणदूरवर जाऊन उभा!

ते नाव कोडमध्येही मराठीतच होतं. आत्यांनी वाचलं. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “म्हंजी काय कळंनासं झालं, की तू आपली अणदूरला जातीस.”

खरंच होतं ते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि ‘नाहीतर’च्या पुढं माझ्या हातानं आपसूक माहेर लिहिलं होतं. आत्यांचा चेहरा बघायचा मला धीर झाला नाही. मी आकडे इंग्रजीत केले, अणदूरलाही तारखांची अट घातली, आणि त्या ‘नाहीतर’ला नवी ओळ दिली, ‘ठाऊक नाही, फोन करा’. ह्यांना त्यांच्या आकड्यांबद्दल काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

मावशींना फोन करून पान खाली ओढून सोडायला सांगितलं. जरा वेळानं आवाज आला, “व्हय गं, नळदुर्ग झालं. येते.”

दुसऱ्या दिवशी मावशी चालल्या. अगदी सावकाश, दोन्ही हात मोकळे. आत्या बाजूनं हात न लावता चालत होत्या, पण हात पुढंच धरलेला. देवापुढं पोचल्यावर मावशींनी भंडारा आधी बहिणीच्या कपाळाला लावला, आणि दोघी रडायला लागल्या. मीही रडले, कशाला लपवू.

बाहेर येऊन जीपमध्ये बसलो. जेवण आमच्याकडं होतं, घर अगदी जवळ. ड्रायव्हरनं विचारलं, आता कुठं घ्यायची?

आत्या पदरानं डोळे पुसत होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, “बेंबळीला.”

बेंबळी म्हणजे दोघी बहिणींचं माहेर. आई-बाप गेल्यापासून दोघी मिळून तिथं कधी गेल्या नव्हत्या. आत्यांच्या लक्षात आलं तशी त्यांनी जीभ चावली आणि माझ्याकडं बघितलं. मावशी तर मान खाली घालून हसायलाच लागल्या.

मी ड्रायव्हरला म्हटलं, घ्या बेंबळीला. आणि ह्यांना फोन करून सांगितलं, तुम्ही जेवून घ्या.