तुझी हेमा किती?

जळकोटच्या पंचक्रोशीत माझ्या आत्यानं ज्याची खालची पापणी ओढून पाहिली नाही असा माणूस सापडला, तर तो परगावचा असणार, आणि तोही नुकताच एस.टी.तून उतरलेला. कंडक्टर सुटले नाहीत, बांगड्यावाली सुटली नाही, मतं मागायला आलेले पुढारीही सुटले नाहीत. पुढारी हात जोडून दारात उभे, आणि ही त्यांचं तोंड उजेडाकडं फिरवून, अंगठ्यानं पापणी खाली ओढून आत निरखून बघतेय! "पांढरेफटक पडलाव की! आधी पालेभाजी खावा, मग निवडून या."

हे वेड लागलं ते आत्या एकदा भर बाजारात चक्कर येऊन पडली तेव्हापासून. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे असं सांगितलं, आणि हिमोग्लोबिन म्हणजे काय तेही धीरानं समजावलं. एखादी गोष्ट पटली की आत्या ती घरचीच करून टाकायची. घरी पोचेपर्यंत हिमोग्लोबिनची 'हेमा' झाली होती. "हेमा म्हंजी रक्तातली कामाची बाई," ती येईल त्याला सांगायची. "छातीतनं पाटीभर हवा उचलती आन् डोस्क्यापासून पायाच्या बोटापर्यंत वाटत फिरती. ती दमली की माणूस दमला!" पुढं मी पुस्तकात वाचलं तेव्हा तिथंही हेच दोन पानं खर्चून लिहिलेलं होतं. फक्त पाटी नव्हती.

त्या दिवसापासून "कशी आहेस?" हा प्रश्न तिच्या तोंडून कायमचा गेला. त्या जागी आलं, "तुझी हेमा किती?" गावाला सवय झाली. लोक गाडीवरूनच "साडेअकरा, काकू!" असं ओरडून पुढं जायचे. घोटाळा झाला तो माझ्या लग्नानंतर. नवा जावई पहिल्यांदाच जेवायला आलेला, ओसरी माणसांनी भरलेली, आणि आत्यानं आतून खणखणीत आवाजात विचारलं, "जावईबापू, तुमची हेमा किती?" माझ्या नवऱ्याला जबरदस्त ठसका लागला. पाणी पिऊन, घाम पुसून तो कसाबसा म्हणाला, "एकच होती. कॉलेजात. पण ते तेव्हाच संपलं." ओसरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. आत्या मात्र गंभीरच. "संपती कशी? पालकावर लिंबू पिळून खावा, वाढती."

तिचं स्वयंपाकघर म्हणजे सगळा लोखंडी कारभार. कढई लोखंडी, तवा लोखंडी, आणि आमटीला उकळी आली की त्यात खलबत्त्याचा लोखंडी बत्ता सोडलेला. एकदा तामलवाडीच्या पाहुण्यांच्या ताटात आमटीबरोबर बत्ताही पडला. "नशीबवान हाव तुम्ही," आत्या म्हणाली. जेवणावर लगेच चहा मागणारा माणूस तिला वैरी वाटायचा, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. ते खरंच आहे. बिटाच्या बाबतीत मात्र तिचा भरवसा नुसता रंगावर होता, आणि तोच न्याय तिनं पुढं कलिंगडाला आणि शेवटी माझ्या लाल साडीलाही लावला.

मग मला दिवस गेले. माझी हेमा नऊवर अडून बसली. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, आत्याचे खजुराचे लाडू झाले, बत्त्याची आमटी झाली, तरी नऊच! आत्याला हा आपला पराभव वाटायला लागला. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली. लोह कमी नव्हतंच. माझ्या रक्तात थॅलेसेमियाचा जन्मजात अंश होता, आई किंवा वडिलांकडून आलेला. मला त्याचा त्रास नव्हता. "पण तुमच्या मिस्टरांमध्येही तोच असला, तर बाळाला मोठा आजार होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "मग जन्मभर रक्त चढवत राहावं लागतं. लग्न नात्यात झालंय का?"

"लांबच्या," मी म्हणाले.

नवऱ्याचं रक्त तपासायला गेलं आणि आत्यानं पापण्या ओढणं बंद केलं. ओसरीवर नुसती बसून राहायची. कुणी आपणहून "बारा, काकू!" असं ओरडलं तरी मान वर करायची नाही. एकदाच म्हणाली, "म्या आपली लोखंड चारत बसले गं."

रिपोर्ट आला. नवऱ्यात तो अंश नव्हता! आत्यानं अशी आरोळी ठोकली की समोरचे किराणावाले तराजू टाकून धावत आले. आत्यानं आधी त्यांची पापणी ओढली आणि मग त्यांच्या हातावर साखर ठेवली. तेवढ्यावर ती थांबली नाही. तिची स्वतःची हेमाही उभ्या जन्मात साडेदहाच्या वर गेली नव्हती. "माझं बी तपासा," म्हणून ती सोलापूरला हटून बसली. तिच्या रक्तातही तोच अंश निघाला. डॉक्टरांनी समजावलं की अशा रक्तातल्या पेशी आकारानं लहान असतात, पण संख्येनं जास्त.

"म्हंजी पाट्या ल्हान, पर बाया जास्त!" आत्या टाळी वाजवून म्हणाली. मग माझ्याकडं बघत एकदम हळू झाली. "बारशाला तुझ्या कानात नाव म्याच सांगितलं हुतं. आन् ही हेमा बी माझ्याच घरची निघाली व्हय?" आत्याला मूलबाळ नव्हतं. परतीच्या एस.टी.त तिनं पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत सगळ्यांना सांगितलं, "पोरगी माझ्यावर गेलीय!"

माझी लेक आता शाळेत जाते. आत्या यंदाच्या उन्हाळ्यात गेली. शेवटच्या दुपारी मी उशाशी बसले होते. तिनं हात उचलायचा प्रयत्न केला, मला कळलं, आणि मी चेहरा तिच्या अंगठ्यापाशी नेला. तिनं पापणी खाली ओढली. इतका वेळ डोळ्यांत थोपवून धरलेलं सगळं तिच्या बोटावरून मनगटापर्यंत ओघळलं.

आत्या बराच वेळ निरखत राहिली. "हेमा बरी हाय," म्हणाली. "पर पाणी लई झालंय गं."