स्वयंपाकाला पडली दुर्री

मी नेमकं काय काम करतो, हे आमच्या गोंडपिपरीच्या घरात कोणालाच कळलेलं नाही. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, घरूनच काम करतो, आणि कुठलं काम केवढं मोठं आहे याचा अंदाज टीमकडून काढून घेतो. ("म्हणजे काम दुसरेच करते?" इति बाबा. हो, दुसरेच करतात!)

तर आमच्या पल्लवीची सोयरीक जमत होती. राजुऱ्याचा मुलगा, शिक्षक, तिला मनापासून आवडलेला. रविवारी दुपारी त्याचे आईवडील घर बघायला आणि जेवायला येणार, मग होकार कळवणार. "दादा, काई गडबड नको होऊ देजो बाप्पा," ती मला म्हणाली. झालं! मला चेवच चढला.

रविवारी सकाळीच मी आई, बाबा, काका आणि पल्लवीला सतरंजीवर बसवलं. "आज आपण प्रत्येक कामाला पॉइंट देऊ."

"पॉइंट म्हणजे घंटे का?" बाबांनी विचारलं.

"नाही, वेळ नाही. कामाचा आकार. समजा, चहा करणं म्हणजे एक."

"कोणासाठी चहा?" आईला खरंच कुतूहल. "तुया काकासाठी का? त्याले तीन डाव करून द्या लागते, तरी साखर कमीच वाटते!"

काका सरसावून बसले. "अन् हे पॉइंट मोजाचे कायनं?"

"पत्त्यांनी. प्रत्येकानं मनातला आकडा गुपचूप निवडायचा आणि सगळ्यांनी एकदम टाकायचा."

पत्ते म्हटल्यावर काकांनी जोड माझ्या हातातून घेतला, पिसला आणि वाटूनही टाकला. (पोळ्याला अख्खा मोहल्ला त्यांच्यापुढे हरतो.)

पहिलं काम, पडदे धुणं. आईनं सत्ती टाकली, पल्लवीनं तिर्री, बाबांनी नव्वी. काकांनी बादशहा आपटला. "हात माया!" आणि चारही पत्ते मांडीखाली!

"काका, यात जिंकायचं नसतं."

"मंग खेळाचं काऊन बे?"

याचं उत्तर मला कंपनीतही अजून कोणी दिलेलं नाही. पण तोवर बाबा इरेला पेटले होते. भिंतीवरची जाळी काढायला त्यांनी बादशहा हाणला. अंगण सारवायला आईनं राणी. आणि शेवटी स्वयंपाकाची पाळी आली तेव्हा कोणाकडे मोठा पत्ताच उरला नव्हता! पडल्या त्या दुर्री न् तिर्री.

"स्वयंपाक दोन?" पल्लवी ओरडली. "वडे, वरण, भात, दोन भाज्या, खीर... दोन?"

"टीमचा अंदाज आहे. टीमवर विश्वास ठेवायचा असतो," मी गंभीरपणे म्हणालो. नियमच होता, मोठ्या आकड्याचं काम आधी, तेही सगळ्यांनी मिळून. आई स्वयंपाकघराकडे वळली की मी हाकाटी करायचो, "आई, मध्येच काम बदलायचं नाही!"

पाहुणे दारात उतरले तेव्हा पडदे वाळत होते, भिंती लख्ख होत्या, आमची अख्खी टीम शेणानं हात माखून अंगणात बसली होती आणि आत गॅससुद्धा पेटला नव्हता. पल्लवीचे डोळे भरून आले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काई अडचण झाली का बाई?" मुलाच्या आईनं विचारलं.

आईनं शेणाचं बोट माझ्याकडे रोखलं. "आमच्या पोरानं सैपाकाले दोन दिले."

"दोनच? बाकीचे कोणाले गेले?"

आईनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या बाईंनी पदर खोचला आणि वांगी चिरायला घेतली. मुलाचे वडील काकांकडून खेळ शिकायला बसले आणि दोन डाव हरलेसुद्धा. जेवणं व्हायला दिवस कलला.

पान खाता खाता मुलाची आई म्हणाली, "पोरगी पसंत आहे. पण आमची एक अट आहे."

सगळे गार! बाबांचा चेहरा उतरला. पल्लवीनं भीतीनं माझा दंड घट्ट धरला.

"लग्नाची तयारी या पोराच्या हाती द्याची नाई."

आई, बाबा, काका आणि पल्लवी, चौघंही एकदम ओरडले, "मंजूर!"

इतक्या वर्षांत माझ्या बैठकीत पहिल्या फटक्यात एकमत झालं ते तेवढंच.